तिथं

कार्डावर कप होता. निळ्या काठाचा, कान उजवीकडे असलेला, वर वाफेच्या दोन वाकड्या रेघा... काढणाऱ्यानं बशी मात्र काढली नव्हती, आणि बशीशिवाय कप आईला उभ्या जन्मात कधी चालला नव्हता, म्हणून असेल, आई त्या चित्राकडे बराच वेळ नाराजीनं बघत राहिली. मग तिच्या ओठांचा डावा कोपरा हलला, गळ्याची शीर ताणली गेली – आता येणार, ‘क’ येणार, निदान चहातला ‘च’ तरी – आणि आई स्वच्छ, खणखणीत आवाजात, शाळेत उभं राहून कविता म्हणावी तसा, तो शब्द म्हणाली.

तोच. दुसरा नाहीच. झटका येऊन आईचं उजवं अंग लुळं पडलं तेव्हा त्याबरोबर जन्मभराची भाषाही गेली – भाजीवाल्याशी घासाघीस करायची, नातवंडांना निजवायची, न आवडलेल्या पाहुण्याला ‘बसा ना थोडं’ म्हणायची, सगळी – आणि तळाशी एवढा एकच शब्द शिल्लक राहिला. बाईच्या अंगावरच्या त्या जागेचं नाव. मुतारीच्या भिंतीवर कोळशानं लिहिलेलं असतं ते. तहान लागली तरी आई तेच म्हणते, कूस बदलायची असली तरी तेच, पंखा नको असला तरी तेच, आणि एकदा खिडकीत कबुतर येऊन बसलं तेव्हा त्याच्याकडे बघून इतक्या मायेनं तेच म्हणाली की लेकीला खोलीतून उठून जावंसं वाटलं.

“छान आजी! आवाज मस्त लागलाय आज,” स्पीच थेरपीवाली मुलगी म्हणाली. तिच्या चेहऱ्यावरची रेघसुद्धा हलली नाही. पहिल्या दिवशीच तिनं सांगून टाकलं होतं, की असं होतं पुष्कळांचं, शिव्या म्हणे डोक्यात निराळ्या कप्प्यात असतात आणि त्या वाचतात. रागवू नका, हसू नका, शब्द सोडून द्या आणि नुसता सूर ऐका. मान डोलावलेलीसुद्धा फार खरी धरू नका, हो आणि नाही उलटसुलट होतं त्यांचं. तिचं बरोबर असणार, शिकलेली मुलगी. पण सूर ऐकायचा तर शब्द आधी कानात घ्यावा लागतो... आणि कानात घेतला की तो तिथंच थांबत नाही, हे त्या पोरीला कुठल्या तोंडानं सांगायचं?

लेक पलंगाशेजारच्या स्टुलावर डाव्या अंगावर भार देऊन बसली होती. अलीकडे ती अशीच बसते. सरळ बसलं की टोचतं – तिथं. एक गाठ आहे, वाटाण्याएवढी, कडक. आंघोळ करताना पहिल्यांदा हाताला लागली तेव्हा तिनं साबणाचा तुकडा चिकटलाय असं ठरवलं, आणि मग पाणी ओतत राहिली. त्याला आता पुष्कळ महिने झाले. गेल्या आठवड्यात कपड्याला रक्ताचा डाग दिसला, आणि पाळी जाऊन तर वर्षं झाली होती.

डॉक्टरकडे ती गेली होती, अगदीच गेली नाही असं नाही. बाईच डॉक्टर, मुद्दाम शोधून काढलेली. “कुठं दुखतं?” असं विचारल्यावर तिच्या तोंडून आलं, “ओटीपोटात.” मग डॉक्टरीणबाईंनी पोट दाबून पाहिलं, गोळ्या दिल्या, पोटाची सोनोग्राफी सांगितली. तिनं ती केली. थंडगार जेल लावून, पाणी पिऊन पिऊन, शहाण्या मुलीसारखी. रिपोर्ट अगदी उत्तम आला. आणि गंमत अशी, की मशीननं भलतीकडेच बघून सगळं ठीक आहे म्हटलं, तरी तिला एक अख्खा दिवस खरोखरच बरं वाटलं होतं. आज संध्याकाळी पुन्हा जायचं होतं. आज मी सांगणार आहे. आज सांगितलंच पाहिजे.

कार्डं गोळा करून ती मुलगी गेली. स्वयंपाकघरातून मावशी आली, हात पदराला पुसत. मावशी कालच आली होती, कुणी न बोलावता. दादाची सक्त ताकीद होती की कुणालाही आईला भेटायला आणायचं नाही. “लोक काय म्हणतील? आपल्या आईच्या तोंडी असलं? बाबांनी ह्या घरात कधी कुणाला ‘गाढव’सुद्धा म्हटलं नाही.” स्वतः तो झटक्यानंतर एकदा येऊन गेला, मुलांना खाली गाडीतच ठेवून, मग फोनवरून सुचवलं, की कुणी यायचंच असलं तर त्या दिवशी आईला झोपेची गोळी दे. ती नुसतं हं म्हणाली. गाढव म्हटलं नाही, हे खरंच आहे... दादा लहानपणी बाहेर खेळायला जायचा. रविवारी दुपारी घरात तीच असायची, बंद दारासमोर फरशीवर बटणं मांडत – लाल एकीकडे, पांढरी एकीकडे – आणि दाराआडून बाबांचा आवाज यायचा. चढलेला नाही. पोरांना गणित समजावून सांगताना लागायचा तसा, खालच्या पट्टीतला. बाकी काही कळायचं नाही, तेवढा एक शब्द कळायचा, पुन्हा पुन्हा. आणि आईचा आवाज अजिबात नाही. मग चहाच्या वेळी दार उघडायचं आणि बाबा म्हणायचे, “आज साखर जरा जास्त झाली का हो?” आई म्हणायची, “झाली असेल.”

म्हणजे तो शब्द आईचा नाहीच. तो बाबांचा. त्यांनी इतक्या वेळा आत ठोकला की सगळं पडलं तरी तो खिळा तसाच राहिला... हे तिला एकटीलाच माहीत होतं, आणि आई तो शब्द म्हणाली की दरवेळी ती बाबांचाच आवाज ऐकत होती, आईच्या तोंडातून. म्हणून उठून जायची.

“जा गं तू चिमे, उशीर होईल. मी आहे ना,” मावशी म्हणाली. आई काहीतरी म्हणाली – काहीतरी म्हणजे तेच – आणि मावशी सहज म्हणाली, “हो हो, आणते, जरा दम धर.” आणि पाणी आणायला गेली. पाणीच हवं होतं. मावशीला कालच्या एका दिवसात कसं कळायला लागलं, कोण जाणे.

बसस्टँडवरच्या आरक्षणाच्या खिडकीत तिची खुर्ची उंच होती. काचेला गोल भोक, खाली पैसे सरकवायची फट, आणि पलीकडे दिवसभर बदलत राहणारी तोंडं. तिनं उशी आणली होती घरून. पाठ दुखते म्हणून सांगितलं होतं. दहा वाजताच शेजारच्या खिडकीतल्या क्लार्कचा प्रिंटर अडकला. त्यानं झाकणावर थाप मारली आणि प्रिंटरला उद्देशून तो शब्द, मागेपुढे प्रत्यय लावून, मोकळेपणानं वापरला, मग मान वळवून म्हणाला, “सॉरी हं ताई.”

“चालायचंच,” ती म्हणाली. हे त्यांचं रोजचं होतं. माणूस चांगला, आई आजारी पडली तेव्हा हिच्या कामाच्या पाळ्या त्यानंच केल्या, आणि रोज ‘सॉरी हं ताई’ म्हणायला तो कधी चुकत नसे. त्याला वाटायचं, शब्द घाण आहे आणि ताई स्वच्छ आहेत, तेव्हा माफी मागितली पाहिजे. रांगेतल्या लोकांना तेवढंही वाटत नव्हतं. गाडी उशिरा आली की तोच, सुटे नसले की तोच, उकडलं तरी तोच... दोन मित्र पुष्कळ दिवसांनी भेटले तर पाठीवर थाप मारूनही तोच. काचेच्या भोकातून दिवसभर तिच्याकडे येत राहायचा तो, तिकिटं फाडत ती ऐकायची, आणि आज तिच्या मनात आलं, की ज्यांच्याकडे ती वस्तूच नाही ते उठल्याबसल्या तिचं नाव घेतात, आणि जिच्याकडे आहे, जिची दुखते आहे, तिला ते घेता येत नाही. तिला हसू आलं. खिडकीबाहेरच्या माणसाला वाटलं आपल्यालाच हसली, तो ओशाळून म्हणाला, “दोन सीट द्या, जवळ जवळ.”

तिथं. आमच्या घरात ‘तिथं’ म्हणायचे. आंघोळ घालताना आई म्हणायची, तिथं नीट धू. पाळी आली तेव्हा आई म्हणाली, तिथून येईल, घाबरू नकोस. लग्न ठरलं तेव्हा आई काहीच म्हणाली नाही. आणि ते लग्न मोडलं तेव्हा त्या माणसानं तिच्या तिथल्याबद्दल चार लोकांत काय सांगितलं ते तिला फार उशिरा कळलं, आणि त्यानंही ‘तिथं’ हाच शब्द वापरला असणार, सभ्य घरातला होता. हाताला हात आहे, नाकाला नाक आहे, काखेलासुद्धा काख आहे. आणि एवढं सगळं ज्यातून आलं, मी आले, दादा आला, दादाची गाडीत बसवून ठेवलेली मुलं आली... त्याला नुसती दिशा. बोट दाखवायचं, तेही दाखवायचं नाही.

संध्याकाळी दवाखान्याच्या बाकावर ती पाठ करत बसली होती. खाली, बाहेरच्या बाजूला, गाठ. आत नाही, बाहेरच्या बाजूला. कसलं सोपं वाक्य आहे. पुस्तकी शब्दही तिनं एका मासिकात वाचून ठेवला होता. मनात म्हणून पाहिला तर परीक्षेतल्या प्रश्नासारखा वाटला, आपल्या अंगाशी त्याचा काही संबंधच लागेना. नंबर आला. डॉक्टरीणबाई दमल्या होत्या, चष्मा वर करून डोळे चोळत होत्या.

“काय म्हणतंय पोट? अजून दुखतं?”

“पोट... म्हणजे, खाली.”

“इथं?” त्यांनी बेंबीखाली बोटं दाबली. गाठ तिथून वीतभरही लांब नव्हती. एवढं बोट खाली सरकलं असतं तर – पण मधे चादर होती, त्यांनीच मायेनं नीट ओढून दिलेली, हिला लाज वाटू नये म्हणून.

“बाकी खाली तसं काही नाही ना? अंगावरून वगैरे?”

तसं काही. आता. आता सांग... तिचं तोंड उघडलं, जीभ वर गेली, आणि काहीच येईना, आणि तिला एकाएकी कळलं की आईला रोज सकाळी कार्डासमोर असंच होत असणार. आत सगळं तयार असतं, माहीत असतं, आणि बाहेर यायला रस्ता नसतो. फक्त आईच्या तोंडून निदान एक शब्द तरी येतो.

“तसं काही नाही,” ती म्हणाली.

डॉक्टरीणबाईंनी आणखी एक सोनोग्राफी लिहून दिली. पोटाची. बाहेर आल्यावर ती कोपऱ्यावरच्या फळांच्या गाडीशी उभी राहिली आणि उगाचच मोसंबी निवडू लागली, एक घ्यायची, दाबायची, ठेवायची, शेवटी फळवाला म्हणाला, “बाई, आता घ्या तरी.” तेव्हा तिच्या लक्षात आलं की आपण रडतो आहोत.

घरी मावशी ओट्याशी कणीक मळत होती. आईचं खाणं झालं होतं, ती पडून होती, खोलीतून मधूनच तिचा आवाज यायचा, तो शब्द, आणि मावशी इथूनच उत्तर द्यायची, “दिवा? लावते गं. लावला बघ.” हिनं पिशवी खाली ठेवली आणि न राहवून म्हणाली, “मावशी, तुला काहीच कसं वाटत नाही?”

“कशाचं?”

“आई बोलते त्याचं.”

मावशीनं मळणं थांबवलं नाही. “पुच्ची म्हणते त्याचं? त्यात काय वाटायचं? पुच्ची म्हणजे पुच्ची. अगं, आम्ही पाच बहिणी, मागच्या अंगणात ओळीनं उभं करायची आमची आई आणि तांब्या घेऊन सुटायची. कान धू, मान धू, पुच्ची धू, पाय धू. एका सुरात. आमच्याकडे त्याला दुसरं नावच नव्हतं. लग्न होऊन आपापल्या घरी गेलो तेव्हा कळलं की ही शिवी असते.” मग तिनं कणकेला तेलाचं बोट लावलं. “तुझ्या आईला जरा जास्तच कळलं.”

“म्हणजे?”

“तू झालीस ना, महिन्या-दोन महिन्यांची असशील. तुला पुरळ आलं होतं. बाहेरच्या खोलीत तुझे आजोबा, कोण कोण बसलेले, वडील तुझे, आणि ही तुला घेऊन घाबरीघुबरी बाहेर आली आणि म्हणाली, ‘अहो, हिच्या पुच्चीवर पुरळ आलंय हो, डॉक्टरला बोलवा.’ तिला वाटलं, पोरीला झालंय ते सांगायला नको का? झालं. तुझी आजी चार दिवस बोलली नाही. आणि तुझे वडील तिला म्हणे खोलीत नेऊन समजवायचे. काय समजवायचे ते तिनं कधी सांगितलं नाही. माहेरी आली की हसायची नाही पहिल्यासारखी, एवढं मात्र मी पाहिलंय.”

हिचा हात मोसंब्यांच्या पिशवीवरच राहिला. समजवायचे... खालच्या पट्टीतला आवाज, गणित शिकवतानाचा. म्हणजे शिवी देत नव्हते? हे असं म्हणायचं नाही, म्हणून दाखव काय म्हणायचं नाही – असं? पण ती बटणं मांडण्याएवढी मोठी झाली होती तेव्हा. पुरळ कधीच गेलेलं. सात-सात वर्षं कुणी कुणाला एक शब्द समजावतं का? की आधी समजावणं होतं आणि मग त्यांना त्याची चटक लागली? दार बंद होतं, तिला शब्दच तेवढा ऐकू आला होता, बाकीचं सगळं तिनं इतकी वर्षं स्वतः भरत आणलं होतं. आता तिला काहीच नक्की सांगता येईना. एवढं मात्र तिला कळत होतं की आईनं तो शब्द ह्या घरात एकदाच, पोरीला बरं वाटावं म्हणून उच्चारला होता, आणि ती पोर मी होते.

रोजच्यासारखं तिनं गरम पाणी घेतलं, पंचा घेतला, आईच्या खोलीचं दार लोटलं. तोंड पुसलं, कानामागे, मानेच्या वळ्यांत, काखेत. लुळा हात उचलून बोटं एकेक करून. मग खाली, आणि तिथं आल्यावर रोज व्हायची तशी तिची मान आपोआप भिंतीकडे वळली, हात घाईघाईनं फिरला... आज ती थांबली. मान वळवली आणि पाहिलं. पांढरे झालेले विरळ केस, म्हातारी, सुरकुतलेली, बिचारी कातडी. गुडघ्याची असते तशीच. ती सावकाश पुसत राहिली. तिला आईची फार दया आली, आणि मग दयेपेक्षा वेगळं काहीतरी, ओळखीसारखं.

आईच्या डाव्या हातानं तिचं मनगट धरलं. घट्ट. आई तो शब्द म्हणाली.

“पाणी गार झालं का?”

मान हलली, नाही. पण मानेचं काही खरं नव्हतं.

“दुखलं का तुला?”

पुन्हा तीच मान. आणि आई पुन्हा म्हणाली, हळू. ह्या वेळी शेवटी सूर वर गेला, विचारतात तसा. ती स्वतःकडे बघत नव्हती. ती हिच्याकडे बघत होती, हिच्या कमरेकडे, पलंगाच्या कडेवर अर्धी टेकलेल्या, डाव्या अंगावर कललेल्या हिच्या बसण्याकडे. सगळ्या गावाला पाठ दुखते म्हणून सांगता येतं. आई दिवसभर पडून असते, तिला दुसरं काम काय, समोर येऊन बसणारं माणूस कसं बसतं तेवढंच ती बघत असते... किती दिवस विचारते आहे ही? आणि दरवेळी मी उठून गेले?

की नसेलही विचारत. पंखा नको असेल.

“हो,” ती म्हणाली. पुढचं ‘तिथं’ सवयीनं तोंडात आलंच होतं, आणि तिला ते एकदम नकोसं झालं, जणू तेच काहीतरी घाण होतं. “पुच्चीवर गाठ आलीय, आई. पुष्कळ दिवस झाले. गेल्या आठवड्यात रक्तही गेलं.”

काही झालं नाही. स्वयंपाकघरात पोळी लाटल्याचा आवाज येत होता तो येतच राहिला. आईचा हात मनगटावर तसाच होता, सुटला नाही, घट्टही झाला नाही, आणि आईला कळलं की नाही हे सांगायला जगात कुणी नव्हतं. पण वाक्य बोलून झालं होतं. ते आता खोलीत होतं, पुरळ आलंय म्हणावं तेवढं साधं, आणि ऐकताना तिला स्वतःलाच त्याचा अर्थ पहिल्यांदा लागला – गाठ, पुष्कळ दिवस, रक्त – आणि तिचे हातपाय गार पडले. इतके महिने तिला लाज वाटत होती. ती लाजेलाच भीती समजत होती. भीती ही अशी असते, हे तिला आत्ता कळत होतं. ती खरी होती आणि तिची स्वतःची होती. पंचा हातात तसाच धरून ती आईजवळ बसून राहिली, आणि घाबरली, मनापासून घाबरली.